ग्रेट डेनच्या जोडीला दुसरा मोठा कुत्रा दत्तक घ्यायचाय, जोडी जमेल हे ओळखायचं कसं?

पायरीवरची

मंडळी, दुसरा कुत्रा, तोही मोठा आणि तोही दत्तक, असा तिहेरी प्रश्न आहे. अनुभवी लोकांनी सढळ हाताने लिहा.

आमच्याकडे बंडू आहे. ग्रेट डेन, चार वर्षांचा, वजन 61 किलो, नसबंदी झालेली. तळेगाव दाभाड्याला रो-हाउस, मागे कुंपण घातलेलं अंगण. घरात मी, नवरा, सासूबाई आणि अकरावीतली लेक. आधीची लॅब्रेडॉर जिजी म्हातारी होऊन गेल्या वर्षी गेली. बंडू पिल्लू असल्यापासून तिच्याच धाकात वाढलेला.

विकत घ्यायचा नाही हे ठरलंय. मोठाच हवा यामागे हौस नाही. बंडूला खेळताना पंजा टाकायची सवय आहे. जिजी तो झेलायची. एखाद्या इवल्या पॉमेरेनियनच्या पाठीवर पडला तर तिला थेट ऑपरेशन टेबलवरच न्यावं लागेल.

स्वभाव: माणसांत लोळणारा. अनोळखी कुत्रा दिसला की आधी ताठ होतो, मग वास घेऊन सोडून देतो. मात्र गेटबाहेरच्या नर कुत्र्यांशी त्याचं रोजचं वैर आहे. खेळण्यांचं सोयरसुतक नाही. जेवणाच्या भांड्यापाशी कुणी आलेलं खपत नाही, जिजीवरही तेवढ्यापुरता गुरगुरायचा.

सध्या तीन स्थळं आली आहेत (हो, स्थळंच म्हणते, घरात तसंच वातावरण आहे). ठाण्याची हस्की, मादी, दोन वर्षांची, फ्लॅटमध्ये सोफे फाडते म्हणून देतायत. पिंपरीची रॉटवायलर, मादी, तीन वर्षांची, घरचे परदेशी चाललेत. आणि एका ब्रीडरकडून सोडवलेली जर्मन शेफर्ड, मादी, अंदाजे सहा वर्षांची, सध्या नगर रस्त्याला एका फोस्टरकडे (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या बाईंकडे). फोटो तिघींचे गोड आहेत, त्यामुळे फोटोवर जायचं नाही असं ठरवलंय. मग कशावर जायचं?

कंपाउंडरभाऊ

ताई, कोल्हापुरात व्हेटच्या दवाखान्यात कुत्री धरण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो.

जात सगळ्यात शेवटी बघा. आधी नर की मादी. नर-मादी जोडी साधारणपणे सगळ्यात सोपी जाते. दोन नर जमतात, पण मेहनत घेऊन. दोन माद्यांचं जमलं तर उत्तम, बिघडलं तर मात्र कायमचं बिघडतं. दवाखान्यात एकाच घरातल्या भांडणाचे टाके घालायला येतात त्यात मादी-मादी जोड्या बऱ्याच असतात, आणि घरचे म्हणतात, काल-परवापर्यंत एकत्र झोपायच्या हो. तुमचा नर आहे, तिन्ही स्थळं मादी आहेत, तेवढा प्रश्न सुटला.

मग नसबंदी. मग वय. मग अंगातली रग. आणि खाण्याबद्दलची वृत्ती, जी तुमच्या बाबतीत मी यादीत सगळ्यात वर घेईन. भांड्यावर हक्क सांगणारा एक कुत्रा घरात असला तर सांभाळता येतो. दोन असले आणि दोघांची वजनं चाळीसच्या वर असली तर स्वयंपाकघरात रोज पहारा ठेवावा लागतो.

हस्कीबद्दल एक. ती मोठ्या जातीत येतच नाही. हस्कीची मादी साधारण 16 ते 23 किलो भरते, केसांमुळे मोठी दिसते एवढंच. बंडू तिच्या तिप्पट आहे. शिवाय ती दिवसभर पळणारी, डेन दिवसभर लोळणारा. ती त्याला टोचत राहणार आणि एक दिवस तो वैतागणार.

गावठीप्रेमी

नेहमीचा प्रश्न विचारतो, राग मानू नका. नाशिकच्या आमच्या एका गल्लीत दहा पिल्लं घराच्या शोधात आहेत. मग जातिवंतच का?

शेवंताबाई

गावठीप्रेमी, मी ठाण्यात रेस्क्यूचं काम करते आणि घरात दोन इंडी म्हणजे गावठी कुत्री आहेत, त्यामुळे तुमच्याच पार्टीतली आहे. पण शेल्टरमध्ये येणारी मोठी जातिवंत कुत्रीसुद्धा टाकलेलीच असतात. सेंट बर्नार्ड, डेन, शेफर्ड, लॅब. पिल्लू असताना इन्स्टावर, वर्षभरात खर्च कळला की टोलनाक्यावर. त्यांना घर मिळणं इंडीपेक्षा सोपं असेल असं वाटतं, प्रत्यक्षात सहा वर्षांची, पोट लोंबणारी शेफर्ड कुणालाच नको असते. विचारणारे असतात ते "पिल्लं होतील का" असं विचारतात.

1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात कुत्रा असा सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किती, माहितीये? 10 ते 50 रुपये. पार्किंग चुकलं तर जास्त पडतात.

गावठीप्रेमी

मान्य. पण चांगला वाढलेला इंडी नर 25-28 किलोचा असतो, चपळ असतो, पंजा चुकवतो. हाही पर्याय म्हणून राहू दे.

पायरीवरची

राहू दे काय, नक्कीच आहे. फक्त मला पूर्ण वाढ झालेला हवाय, पिल्लू नको. आता ते रात्री उठणं होणार नाही.

वैतागवाडी

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सगळे जण जोडी जमवायच्या मागे आहेत, म्हणून उलट बाजूने विचारतो. बंडू "एकटा पडलाय" हे कशावरून? जिजी गेल्यावर तो जास्त झोपतो असेल तर डेन झोपतातच. दुसरं कुत्रं माणसाला हवं असतं आणि नाव पहिल्या कुत्र्याचं होतं.

आणि हिशोब. डेनला रोज सहाशे-सातशे ग्रॅम सुकं खाणं लागतं, पंधरा किलोचं पोतं तीन आठवड्यांत संपतं. त्यात दुसरं. बोर्डिंगवाले वजनावर पैसे घेतात, भूल वजनावर, गोचीड मारायची गोळी वजनावर. पन्नास-पंचावन्न किलोच्या वर गेलं की त्यातली सगळ्यात मोठी गोळीसुद्धा एक पुरत नाही. दोन कुत्री एकत्र फिरवताना शंभर किलोच्या आसपास वजन एका हातात असतं. सासूबाई फिरवणार आहेत का?

कंपाउंडरभाऊ

वैतागवाडी, नाव सार्थ केलंत. पण मुद्दे बरोबर आहेत. पुढे त्यात म्हातारपण धरा. साठ किलोचा कुत्रा मागच्या पायांतून गेला की त्याला चादरीत घालून दोन माणसं उचलतात. घरात एका वेळी दोन धडधाकट माणसं असतात का, हे आत्ताच मोजा.

पायरीवरची

सासूबाई फिरवणार नाहीत, त्या फक्त बंडूला चपातीचा शेवटचा तुकडा देतात आणि तो त्यांचा हक्क आहे. फिरवायला मी आणि नवरा, वेगवेगळे पट्टे, वेगवेगळी माणसं. पैशाचं गणित करून ठेवलंय. आणि हो, दुसरा कुत्रा मलाही हवाय, ते लपवत नाही. बंडूला नको असेल तर मात्र आणणार नाही.

वैतागवाडी

हे उत्तर आवडलं. मग आता मीच सांगतो, रो-हाउसची सोसायटी असेल आणि कुणी मोठ्या कुत्र्यावरून कुरकुर केली तर भारतीय पशुकल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं काढून ठेवा. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, आकारावरून वा जातीवरून भेद करता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही. आमच्या सभेत हे वाचून दाखवायची वेळ माझ्यावरच आली होती, आणि मी कुत्रा पाळत नाही.

माळरान

जतकडचा आहे. आमच्याकडे कारवान आहेत, ज्यांना पलीकडे मुधोळ म्हणतात. कुणी तरी "देशी मोठा कुत्रा घ्या" असं सुचवणारच, त्याच्या आधी सांगतो. उंच असतो, पण अंगाने हलका, पातळ कातडीचा. डेन अंगावर रेलला की कारवान तिथून निघून जातो. दिवसातून एकदा मोकळ्या रानात सुटून पळायला मिळालं नाही तर कुंपण ओलांडतो. 2005 मध्ये मुधोळचं पोस्टाचं तिकीट निघालं तेव्हापासून शहरातली मंडळी हौसेने नेतात आणि वर्षभरात फोन येतो. तळेगावच्या अंगणात नको.

बर्लिनकर

इथे बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो कर आणि दुसऱ्यापासून पुढे प्रत्येकी 180. त्यामुळे दुसरा कुत्रा घेणारा माणूस इथे आधीच गंभीर असतो.

आमच्या होवावार्टला (मोठी जर्मन जात) जोडीदार शोधत होतो तेव्हा टिअरहाइमवाल्यांनी, म्हणजे इथल्या शेल्टरवाल्यांनी, आम्हाला एकट्याने येऊच दिलं नाही. घरचा कुत्रा घेऊन या म्हणाले. भेट पिंजऱ्यापाशी नाही, आवारातही नाही, बाहेरच्या रस्त्यावर चालताना. आणि एका भेटीत कुत्रा दिला नाही. तेव्हा वैताग आला होता, पण दुसऱ्या भेटीत कुत्रा पहिल्यापेक्षा वेगळा वागतो हे तिथेच दिसलं. पहिल्या भेटीत तो पाहुण्यासारखा दबून असतो.

शेवंताबाई

बर्लिनकर म्हणतात ते इथेही करता येतं, फक्त इथे तुम्हाला स्वतःहून मागावं लागतं. बहुतेक जण व्हिडिओ कॉलवर कुत्रा बघतात आणि शनिवारी गाडी घेऊन येतात.

पायरीवरची, फोस्टरला "स्वभाव कसा आहे" असं विचारू नका. उत्तर "खूप गोड" असंच येणार. असं विचारा: तुमच्याकडे आणखी कुत्री आहेत का, त्यांच्याशी ती कशी वागते, व्हिडिओ पाठवा. जेवताना दुसरं कुत्रं दहा फुटांवर असेल तर काय करते? झोपलेली असताना अंगाला धक्का लागला तर? गेटवर बेल वाजली की तोंड कुणाकडे वळवते? लहान मूल, सायकल, फटाका. एखाद्या गोष्टीचं उत्तर "कधी बघितलं नाही" असं आलं तर ते प्रामाणिक उत्तर आहे, त्या फोस्टरवर विश्वास ठेवा.

शेफर्ड ब्रीडरकडची आहे म्हणून काही वेगळं. 2017 च्या ब्रीडिंगच्या नियमांत मादी 18 महिन्यांच्या आत आणि 8 वर्षांनंतर लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच, असं आहे. कागदावर. प्रत्यक्षात सुटून आलेल्या माद्यांचे सड लोंबलेले असतात, कोपरांवर सिमेंटच्या फरशीचे घट्टे असतात, पिंजऱ्याच्या सळया चावून सुळे झिजलेले असतात. नसबंदी झालेली नसेल तर आधी ती, नाही तर पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा धोका डोक्यावर असतो. सडांत गाठी आहेत का ते व्हेटला चाचपायला सांगा. रक्त, टिक फीवर, आणि योनीमार्गात टीव्हीटीची (संगातून पसरणाऱ्या कॅन्सरची) गाठ नाही ना, हेही. अशा कुत्रीला जिना माहीत नसतो, टीव्ही माहीत नसतो, कधी कधी गवतसुद्धा. पण दुसऱ्या कुत्र्यांमध्ये राहायची सवय बहुतेकींना असते.

आणि सगळ्यांसाठी: "कुत्रा फुकट आहे, फक्त गाडीभाडं आगाऊ पाठवा" असं म्हणणारा कुत्रा दाखवत नसेल तर तिथेच थांबा. तसंच "दत्तक" म्हणून नसबंदी न झालेली मादी कागदपत्रांसकट आणि हजारो रुपये घेऊन देणारा ब्रीडरच असतो. खऱ्या ठिकाणी फॉर्म भरून घेतात, घर बघायला येतात, आधार कार्डाची प्रत आणि हमीपत्र मागतात, नंतर फोटो मागून मागून जीव खातात. त्याचा राग मानू नका.

पायरीवरची

सगळ्यांचे आभार. हस्कीला नकार कळवला, तिला लोणावळ्याच्या एका पळणाऱ्या जोडप्याने नेलं असं कळलं, छान झालं.

रॉटवायलरला भेटलो. पिंपरीत त्यांच्या घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, घरापासून लांब. मुलगी देखणी आणि माणसांशी अगदी शहाणी, माझ्या लेकीच्या पायावर बसली. बंडू दिसला आणि ती थांबली. भुंकली नाही, गुरगुरली नाही, नुसती थांबली. तोंड मिटलं, कान पुढे, शेपटी वर आणि जवळजवळ न हलणारी, वजन पुढच्या पायांवर. बंडूने नजर वळवून रस्त्याकडेची माती हुंगायला घेतली, तरी तिची नजर हलली नाही. मालकाने बिस्किट काढलं तर तिने ते त्याच्या हातातून घेतलं आणि बंडूकडे बघतच गिळलं. बंडूच्या पाठीवरचे केस उभे राहिले. आम्ही लांबून वळसा घालून गाडीत बसलो. आवाज कुणाचाच झाला नाही, पण मालक म्हणाले, "बघा, भांडले नाहीत!"

माझं मत नाही असंच आहे. दुसरी भेट घ्यावी का?

कंपाउंडरभाऊ

नको. भुंकणारा कुत्रा काही तरी बोलत असतो. हा जो पुतळा झाला तो बोलणं बंद करून हिशोब करत होता. बंडूने मान वळवून, माती हुंगून "मला भांडायचं नाही" असं तिला दोनदा सांगितलं, तिने उत्तर दिलं नाही. त्यात बिस्किट गिळतानाही नजर बंडूवरच. घरात एकटीच कुत्री म्हणून ती सुखात राहील.

शेवंताबाई

सहमत. त्यांना सांगा की एकुलती कुत्री म्हणून घर शोधा, आणि हे फॉर्ममध्ये लिहा. तिचंही भलं होईल. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 23 जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र काढलं, त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं, पण लोकांच्या डोक्यातून गेलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे रॉटवायलर सोडायला येणाऱ्यांचे फोन थांबत नव्हते. डेन, शेफर्ड, डॉबरमन त्या यादीत नव्हते, तरी लोक त्यांच्याबद्दलही विचारत.

वैतागवाडी

शेफर्ड सहा वर्षांची म्हणताय. मोठ्या कुत्र्यांचं आयुष्य किती? नऊ-दहा? तीन-चार वर्षांसाठी सगळा खटाटोप?

पायरीवरची

डेनचं सात ते दहा धरतात. म्हणजे बंडू चारचा आणि ती सहाची, दोघं साधारण एकाच टप्प्यावर आहेत. पिल्लू आणलं असतं तर बंडू म्हातारा होताना ते ऐन वयात असतं आणि त्याच्या दुखऱ्या कंबरेवर उड्या मारत असतं.

माळरान

हे पटलं.

पायरीवरची

शेफर्डला भेटून आलो. फोस्टरबाईंनी शेवंताबाईंच्या प्रश्नांची उत्तरं व्हिडिओसकट पाठवली होती. नसबंदी होऊन टाके सुकलेत, रक्त ठीक, टिक फीवरचा कोर्स पूर्ण झालाय. वजन 29, अजून थोडं भरायला हवं. कोपरांना घट्टे आहेत, सुळे झिजलेत, अगदी लिहिलं होतं तसंच.

भेट त्यांच्या घरामागच्या कच्च्या रस्त्यावर. नवरा बंडूला घेऊन एका कडेने, फोस्टरबाई तिला घेऊन दुसऱ्या कडेने, मधे वीसेक फूट, दोघांची तोंडं एकाच दिशेला. पट्टे सैल. मला वाटलं होतं वास घ्यायला धडपडतील. कसलं काय. ती चालता चालता गवत हुंगत होती, बंडू तिच्याकडे बघून एकदा ताठला, तिने मान दुसरीकडे वळवून जांभई दिली, आणि बंडूने अंग झाडलं, पाण्यातून आल्यावर झाडतो तसं. मग बराच वेळ दोघांनी एकमेकांची दखलच घेतली नाही. अंतर आपोआप कमी होत गेलं. परत येताना तो तिच्या मागून चालला, शेपटीपाशी हुंगलं, नवऱ्याने लगेच हाक मारून पुढे काढला, मग ती त्याच्या मागून. समोरासमोर तोंडं आणली नाहीत.

लेक वैतागली, "ममा, ह्यांना एकमेकांत काही इंटरेस्टच नाहीये."

बर्लिनकर

लेकीला सांगा, यापेक्षा चांगली पहिली भेट होत नाही. पहिल्याच भेटीत उड्या मारून खेळायला लागणारी जोडी बघून लोक भुलतात. तो बऱ्याचदा खेळ नसतो, घाबरलेल्या दोन कुत्र्यांचा गोंधळ असतो.

कंपाउंडरभाऊ

+१. दखल न घेणं म्हणजे "तू धोका नाहीस" असं म्हणणंच. आणखी एक भेट तळेगावात घ्या, पण अंगणात नाही, तुमच्या रोजच्या फिरायच्या रस्त्याच्याही बाहेर.

शेवंताबाई

इथे माझं थोडं वेगळं मत. आता घरी नेऊन "पंधरा दिवस बघू" असा प्रकार करू नका. फोस्टर-टू-अडॉप्ट, म्हणजे आधी काही दिवस सांभाळून मग दत्तक घेणं, चांगलं असतं, पण ब्रीडरकडून आलेल्या कुत्रीला चौथं घर दाखवून परत आणलं की ती मिटून जाते. भेटी हव्या तेवढ्या घ्या, लांबवा, पण नेलीत की मनातून नेलेली असू द्या.

कंपाउंडरभाऊ

शेवंताताई, मनातून नेली आणि एकमेकांना फाडलं तर? अट लेखी ठेवावी: दोन्ही कुत्र्यांना धोका दिसला तर परत, नाही तर नाही. दरवाजा बंद करून घेण्यात अर्थ नाही.

शेवंताबाई

धोका दिसला तर हा शब्द ठेवा. "सासूबाईंना केस आवडले नाहीत" याला धोका म्हणत नाहीत. बस, एवढंच.

पायरीवरची

सासूबाईंना केस आत्ताच आवडलेले नाहीत. दुसरी भेटही छान झाली. पुढच्या आठवड्यात आणतोय. घरात काय तयारी करू?

कंपाउंडरभाऊ

लिहितो, जरा लांब होईल.

आणायच्या दिवशी बंडूची भांडी, हाडं, गादी, सगळं उचलून ठेवा. दोघांना बाहेर एकत्र चालवून मग एकत्रच घरात घ्या, दमलेले असले की बरं. घरात एका दाराला बेबी गेट किंवा जाळीचं दार बसवा, दिसायला हवं पण भिडता येऊ नये. रात्री वेगळं. तुम्ही घरी नसाल तेव्हा वेगळं, आणि हे काही आठवड्यांपुरतं नाही, महिने धरा. लोक म्हणतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने: तीन दिवस भेदरलेली, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांनी खरा स्वभाव दिसतो. म्हणून "आल्यापासून शांत आहे" यावर पहिल्या आठवड्यात विसंबू नका.

जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. कायमचं. बंडू सुधारला तरी. यात भांडणापेक्षा मोठं कारण आहे. डेन आणि शेफर्ड दोघांची छाती खोल, पोट फुगून त्याला पीळ पडायचा धोका डेनमध्ये सगळ्यात जास्त. शेजारी कोणी असलं की कुत्रा घाईने गिळतो आणि घाईने खाणं हे त्या धोक्यातलं एक मोठं कारण. पोट टम्म, ओकारीसारखं करतो पण काही पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना, आधी फोन करून की आम्ही येतोय. जाता जाता, उंच स्टँडवर भांडं ठेवलं की हा धोका टळतो असं लोक सांगतात. पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात मोठ्या कुत्र्यांत उलट उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला. स्टँडचे पैसे वाचवा.

गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुर ही पाटी आहे, "पुढे खड्डा". पाटी उपटली तर खड्डा तसाच राहतो. गुरगुर कशावरून झाली ते बघा आणि ती गोष्ट उचला.

आणि खरंच जुंपली तर हात मधे घालायचा नाही, पट्ट्याला धरायचं नाही. प्लायवूडचा तुकडा किंवा खुर्ची मधे सरकवा, पाणी ओता. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी मागचे पाय मांडीपाशी धरून उचला आणि उलट्या पावली मागे ओढा. एकट्याने एकाला ओढलं तर दुसरा त्याला फाडतो. प्लायवूडचा तुकडा आत्ताच दाराआड ठेवा.

गावठीप्रेमी

हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतो. इंडींनाही चालेल.

पायरीवरची

बाई घरी आल्यात. नाव सगुणा, लेकीने ठेवलं.

पहिले काही दिवस ती जिन्याखालच्या कोपऱ्यातून बाहेर येईना. गादी दिली तर गादी सोडून फरशीवर. मिक्सर सुरू झाला की अंगणाच्या टोकाला. बंडू जाळीच्या दारापाशी येऊन बसायचा, कण्हायचा, मग झोपून जायचा. आम्ही दोघांना सकाळ-संध्याकाळ एकत्र चालवत राहिलो, घरात मात्र जाळी.

गुरगुर झाली ती अपेक्षित ठिकाणी झाली नाही. भांड्यावरून नाही, सासूबाईंवरून! चपातीच्या तुकड्याच्या वेळी सगुणा त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि बंडू मधे उभा राहिला, आडवा, ओठ वर. सगुणा मागे फिरली आणि कोपऱ्यात गेली. सासूबाईंना आधी फार अभिमान वाटला. मग त्यांना समजावलं की हा लाड नाही, राखण आहे. आता चपातीच्या वेळी बंडू जाळीपलीकडे, सगुणा अलीकडे, दोघांनाही एकेक तुकडा, एकाच वेळी. सासूबाईंचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि त्या खूष आहेत.

जाळी दिवसा हळूहळू उघडी राहायला लागली आहे, आम्ही समोर असताना. काल बंडूने पंजा टाकला. तिने अंग सरकवलं, पंजा फरशीवर आपटला, आणि तिने त्याच्या नाकाशी एकदाच दात वाजवले. तो दोन पावलं मागे जाऊन बसला. जिजी असंच करायची.

रात्री अजून वेगळेच झोपतात, आणि ते तसंच ठेवणार आहोत.

कंपाउंडरभाऊ

हवेत दात वाजवले, अंगाला लागले नाहीत, आणि त्याने ऐकलं. एकदम बेस्ट. तिचं वजन किती झालं?

पायरीवरची

साडेबत्तीस. व्हेट म्हणाले चौतिसाच्या आसपास थांबवा, कोपरांवर आणि कंबरेवर भार नको. घट्ट्यांना खोबरेल लावतोय, ती ते चाटते, बंडूही चाटायला येतो, म्हणून आता लावून झालं की फिरायला नेतो.

वैतागवाडी

सोसायटीत कुणी काही म्हणालं का?

पायरीवरची

एकजण म्हणाले, "एक घोडा होता, आता लांडगाही आला." बाकी ठीक. रेबीजच्या लसीचे दाखले दोघांचे काढून ठेवलेत.

नवखा_लॅबवाला

धागा एका बैठकीत वाचला. आमच्याकडे लॅब मादी आहे, पाच वर्षांची, 33 किलो, नसबंदी केलेली नाही. एक गोल्डन रिट्रीव्हर दत्तक मिळतेय, तीही मादीच, चार वर्षांची. दोन्ही जाती शांत, मग चालेल ना? रविवारी आणायला जाणार आहोत.

शेवंताबाई

रविवारी भेटायला जा, आणायला नको. लॅबला सोबत न्या आणि घराबाहेर चालवा. आधी लॅबची नसबंदी करून घ्या, टाके सुकून ती पूर्ववत व्हायला वेळ द्या, माजावर यायची वेळ जवळ असेल तर भेटही पुढे ढकला. आणि गोल्डनच्या फोस्टरला विचारा, त्यांच्याकडे दुसरी मादी आहे का आणि तिच्याशी ही जेवणाच्या वेळी कशी वागते. उत्तर इथेच लिहा, मग पुढचं बोलू.